धाकट्याच्या मातीनंतर

आमच्या भागात एखाद्या ख्रिस्ती घरात कुणी स्वतःचा जीव घेतला, की पहिला फोन पोलीस पाटलाला जातो, दुसरा मामा-काकांना आणि तिसरा बहुतेक वेळा मला येतो. ते घर माझ्या मंडळीतलं, म्हणजे मी ज्या चर्चचा धर्मगुरू आहे त्यातलं, असो वा नसो. पलीकडचा माणूस आवाज खाली आणून म्हणतो, "पाळकसाहेब, जरा तसलं झालंय." तसलं म्हणजे काय, हे मी विचारत नाही. त्यालाही ते सांगावं लागत नाही, म्हणूनच तो मला फोन करतो. माझ्या घरात तसलं झालेलं आहे, हे नेवाशापासून शेवगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

मध्यंतरी नव्या पाळकांच्या शिबिरात मला बोलायला बोलावलं होतं. विषय छापून आला होता, 'वैयक्तिक दुःख आणि करुणेची सेवा'. ऐकायला गोड विषय आहे. त्यात असं धरून चाललेलं दिसतं, की दुःख झालं की माणूस आपोआप दयाळू होतो आणि असा दयाळू माणूस आपोआप चांगला पाळक होतो. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. पहिली दोन-तीन वर्षं तर उलटंच झालं. शिबिरात अर्ध्या तासात जेवढं बसलं तेवढं बोललो. उरलेलं इथे लिहितो.

आम्ही नेवासे तालुक्यातले. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 साली सुरू झालं आणि पुढे याच पट्ट्यातल्या खेड्यांमध्ये मंडळ्या उभ्या राहिल्या. आमचं घराणं त्यातलंच. आजोबा पेटी घेऊन ख्रिस्ती कीर्तन करायचे आणि ना. वा. टिळकांची पदं त्यांना सगळी पाठ होती. मी पाळक व्हायला सेमिनरीत गेलो, रेव्हरंड झालो. धाकट्या भावानं जमीन धरली. थोडा ऊस, बराचसा कांदा आणि दोन गाई. माणूस हसरा होता. नाताळच्या नाटकात दर वर्षी हेरोद राजा तोच व्हायचा आणि लहान पोरं खरोखर घाबरायची.

तो गेला त्याचं कारण लोक मला अजून विचारतात. कर्ज होतं, पण त्याच्यापेक्षा जास्त कर्जातली माणसं आज जिवंत आहेत. घरात कुरबुर होती, ती कुठल्या घरात नसते? बरेच दिवस त्याला झोप नव्हती, जेवण तुटलं होतं, माणसांत बसत नव्हता. आज हे माझ्यासमोर आलं तर मी त्याच दिवशी डॉक्टरकडे नेईन. तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, कामाचा ताण आहे, कांदा निघाला की उतरेल. एका कारणावर बोट ठेवलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, कारण आपल्या घरात ते कारण नाही अशी त्याची खात्री पटते. म्हणून मी कारण सांगायचं सोडून दिलंय.

ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदन झालं, पंचनामा झाला, अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली. देह हातात आला तेव्हा दिवस कलला होता. देह देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेला नाही. तो निर्णय कुणी घेतला हे मला आजही नीट माहीत नाही, कुणी तसं बोललंही नाही, पण ट्रॅक्टर देवळाच्या दारावरून सरळ दफनभूमीकडे गेला. कबर कुंपणाला लागून खणली होती, बाभळीकडच्या अंगाला, जिथे आमच्या घरातलं दुसरं कुणी नाही. एक वचन, एक प्रार्थना, मग माती. गीत एकही नाही. ज्याच्या आजोबांनी गावाला गायला शिकवलं, त्याला गावानं न गाता माती दिली. मंडळीच्या वहीत 'अपघात' लिहिलं गेलं, तेही आमच्यावर उपकार म्हणूनच. त्या दिवशी विधी करणाऱ्या पाळकांवर माझा राग नाही. त्यांना कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तिथेच उभा होतो.

त्या रात्री आईनं मला चुलीपाशी बोलावलं. मोठ्या मुलाला बोलावते तसं नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला होता, प्रार्थनेला घेते तसा. म्हणाली, "तू पाळक आहेस. सांग मला, माझं लेकरू देवापाशी गेलं का नाही?" मला उत्तर आलं नाही. ती वाट बघत राहिली, मग उठली आणि गाईंकडे गेली.

सांत्वनाला खूप माणसं आली. कुणी म्हणालं, देवाची इच्छा. कुणी बायबलमधल्या ईयोबाचं वचन म्हटलं, परमेश्वरानं दिलं, परमेश्वरानं नेलं. ईयोब हे स्वतःबद्दल म्हणाला होता, त्याच्या दारात येऊन दुसऱ्या कुणी त्याला ऐकवलं नव्हतं, एवढं तरी लोकांनी ध्यानात घ्यावं. एका बाईंनी आईला विचारलं, "तुम्ही कौटुंबिक प्रार्थना करत होता ना रोज?" आई नुसती हो म्हणाली.

कामाला आला तो एक वेगळाच माणूस. त्याचा बांध आमच्या बांधाला लागून आहे. ख्रिस्ती नाही, माळकरी आहे. त्या आठवड्यात शेतीला रात्रीची लाइट होती, म्हणजे मोटार चालवायची तर मध्यरात्रीनंतर. आमचा कांदा ऐन भरणीला आलेला आणि त्याच्याकडे बघायला कुणाला भान नव्हतं. हा गडी रोज रात्री आपल्या रानाचं आवरून आमची मोटार चालू करायचा, बॅटरी घेऊन दारं धरायचा आणि पहाटे घरी जायचा. आम्हाला कळलं ते खूप उशिरा, कांदा काढायला आल्यावर. आईनं विचारलं तेव्हा म्हणाला, "पाणी दिलं नसतं तर वाळला असता की." एवढंच. मला करुणा म्हटलं की अजूनही आधी चिखलात रुतलेले त्याचे पाय आठवतात, मग शुभवर्तमान.

आता माझं. मी पंधरवड्यात माझ्या मंडळीत परत गेलो आणि कामाला लागलो. लोक म्हणाले, पाळकसाहेब खंबीर आहेत. खरं सांगायचं तर मी कडक झालो होतो. कुणी रडायला लागलं की मी लगेच प्रार्थना सुरू करायचो, म्हणजे रडणं थांबतं. आजारी माणसाला भेटायला गेलो की घड्याळ बघायचो. उपदेश मात्र जोरदार व्हायचे, विश्वास, विजय, आशा. ही बदललेली चाल मंडळीतल्या कुणाच्या ध्यानात आली नाही, बायकोच्या आली. एका मयतीवरून परतताना ती म्हणाली, "तुम्ही हल्ली कुणाच्या घरी चपला काढत नाही." मी नीट आठवून पाहिलं. खरंच होतं. मी उंबऱ्यातूनच प्रार्थना करून निघत होतो.

दुःखाचं सुरुवातीचं काम असं असतं. ते आपल्याभोवती भिंत घालतं. भिंतीच्या आतला माणूस दुसऱ्याला कसा काय जवळ घेणार? उलट दुसऱ्याचं दुःख दिसलं की त्याला वाटतं, हा माझ्या भिंतीला हात लावतोय.

बिशपसाहेबांच्या कानावर कुणीतरी घातलं असावं. त्यांनी बोलावून घेतलं, चहा पाजला आणि वेल्लोरला जायला सांगितलं. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पाळकांसाठी एक प्रशिक्षण असतं, क्लिनिकल पास्टरल एज्युकेशन. आम्ही नुसतं सीपीई म्हणतो. पाळक म्हणून वॉर्डात काम करायचं आणि त्या कामावरच शिकायचं. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं सेवा केल्यावर आता शिकाऊ होऊन वॉर्डात फिरायचं? पण बिशपसाहेबांचं 'जा' हे विचारणं नसतं.

वेल्लोरमध्ये पाऊल ठेवलं की आधी चकित करतात त्या बंगाली पाट्या. हॉस्पिटलभोवतीच्या गल्ल्यांतले लॉज, खाणावळी, औषधांची दुकानं, सगळीकडे बंगाली. बंगाल, झारखंड, ईशान्येकडचे लोक दोन-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून इथे येतात आणि महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्याशी माझं हिंदी चालायचं. तमिळ पेशंटांशी मात्र मी ठार मुका. मला तमिळ येत नव्हतं, हे त्या प्रशिक्षणातलं माझं सगळ्यात मोठं भाग्य. एका तमिळ शेतकऱ्याचा मुलगा अतिदक्षता विभागात होता. बाप बाहेरच्या बाकावर. मला त्याला वचन सांगता येईना, धीर देता येईना, 'सगळं ठीक होईल' असं खोटंही बोलता येईना. मग बसलो. तो कॉफी प्यायला उठला की मी त्याची पिशवी राखायचो, मी उठलो की तो माझी वही राखायचा. दुपारपर्यंत माझ्याकडे करण्यासारखं तेवढंच होतं, आणि घड्याळ बघायचं मी विसरून गेलो होतो.

प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे व्हर्बेटिम. एखाद्या पेशंटशी झालेलं बोलणं रात्री आठवून शब्दशः लिहायचं. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये कोण किती वेळ गप्प होतं, कुणाची नजर कुठे होती. बाजूला मोकळा समास ठेवायचा आणि त्यात लिहायचं, त्या क्षणी माझ्या पोटात काय होत होतं. मग ते गटात मोठ्यानं वाचायचं. गटात केरळच्या एक सिस्टर होत्या, मिझोरामचे एक पाळक होते, आंध्रचा एक तरुण होता. शाळेत कधी केलं नसेल इतकं आम्ही एकमेकांच्या वहीला तपासलं.

एकदा मी वाचलेलं व्हर्बेटिम धनबादकडच्या एका आईचं होतं. तिच्या मुलानं जीव द्यायचा प्रयत्न केला होता, तो वाचला होता आणि आता बोलत नव्हता. मी वाचून झाल्यावर पर्यवेक्षकांनी विचारलं, "खोलीत किती माणसं होती?" मी म्हटलं, तीन, आई, मुलगा आणि मी. ते म्हणाले, "परत मोजा." समासात मी काहीच लिहिलं नव्हतं. पान उलटून सगळ्यांना दाखवलं त्यांनी, समास कोरा. मिझोरामचे पाळक, ज्यांची बायको वर्षापूर्वी गेली होती, हळूच म्हणाले, "याचा कुणीतरी तिथे उभा होता." तेव्हा मी पहिल्यांदा धाकट्याबद्दल बोललो. गावच्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा. आईचा प्रश्नही सांगितला. कुणी उत्तर दिलं नाही, कुणी वचन काढलं नाही. सिस्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि पुढची माझी पाळी दुसऱ्या कुणाला दिली.

तिथला नियम साधा होता आणि तो मी आजही पाळतो. स्वतःचं दुःख गटात आणायचं, वॉर्डात नाही. सिस्टरांच्या एका व्हर्बेटिममध्ये पेशंट बाई आपल्या आजाराबद्दल बोलत होती आणि सिस्टरांनी मायेपोटी स्वतःच्या आईचा तोच आजार सांगितला. पुढची सगळी ओळन्‌ओळ पेशंटच सिस्टरांची समजूत घालत होती! आम्ही हसलो, सिस्टरही हसल्या, पण हसता हसता सगळ्यांनाच कळलं, की 'मलाही असंच झालं होतं' हे वाक्य वरवर जवळीक दाखवतं आणि समोरच्याच्या डोक्यावर आपलं ओझं ठेवतं.

ही शिक्षणपद्धत कुणी सुरू केली हे तिथेच कळलं. अँटन बॉइसन नावाचे अमेरिकन पाळक होते. 1920 मध्ये त्यांचं मानसिक संतुलन पार ढळलं आणि त्यांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. बरे झाल्यावर त्यांनी मनोरुग्णांमध्येच काम करायचं ठरवलं, अभ्यास केला, 1924 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णालयातले पाळक, झाले आणि 1925 च्या उन्हाळ्यात सेमिनरीचे पहिले विद्यार्थी तिथे आणले. त्यांचं म्हणणं होतं, विद्यार्थ्यांनी पुस्तकं वाचतात तितक्याच काळजीनं समोरचं माणूस वाचावं.

वेल्लोरजवळ बागायमला पुनर्वसन केंद्र आहे. पाठीचा कणा दुखावलेल्यांना तिथे चाकाच्या खुर्चीतलं आयुष्य शिकवतात. ते उभं करणाऱ्या डॉ. मेरी वर्गीस स्वतः 1954 च्या मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या होत्या. पुढे त्यांनी खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, मग न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचं शास्त्र शिकल्या आणि 1966 मध्ये हे केंद्र सुरू झालं. लोक ही गोष्ट सांगताना अपघातावरून थेट केंद्रावर उडी मारतात. मधली बारा वर्षं गाळतात. बॉइसन यांचंही तेच, मनोरुग्णालय आणि चॅप्लेन्सी एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, मधला अभ्यास नाही. मला तर मधलंच महत्त्वाचं वाटतं. अपघातानं कुणी डॉक्टर होत नाही.

परत आल्यावर मी एक काम हाती घेतलं. आईच्या प्रश्नाचं. पवित्र शास्त्र या एका अंगानं पुन्हा वाचायला बसलो आणि जे सापडलं त्यानं मीच चाट पडलो, कारण हे सगळं मी सेमिनरीत वाचलेलं होतं. दावीद राजाचा सल्लागार अहीथोफेल. आपला सल्ला मानला गेला नाही असं पाहून तो गाढवावर खोगीर घालून घरी जातो, घरादाराची व्यवस्था लावतो आणि जीव देतो. दुसरं शमुवेल, सतरावा अध्याय. त्याच वचनाच्या शेवटी लिहिलंय, त्याला त्याच्या बापाच्या कबरस्तानात पुरलं. कुंपणापाशी नाही, बापाशेजारी. त्यानं दाविदाशी दगाबाजी केली होती, तरीही. शौल राजा आपल्याच तलवारीवर पडतो, तर याबेश-गिलादची माणसं रात्रभर चालत जाऊन त्याचा देह शत्रूच्या भिंतीवरून काढून आणतात, पुरतात आणि सात दिवस उपास करतात. आणि एलीया. रतामाच्या झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणणारा संदेष्टा. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा भाकर देतो. संवाद त्यानंतर, तोही देव प्रश्न विचारतो म्हणून.

मग देह देवळात न नेण्याची चाल आली कुठून? इंग्रजी चर्चच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या माथ्यावर सूचना आहे, की ज्यांनी स्वतःवर हात टाकला त्यांच्यासाठी हा विधी वापरू नये. रोमन कॅथलिकांच्या 1917 च्या कायद्यातही तशी बंदी होती. 1983 च्या नव्या कायद्यातून ती गेली. आमच्याकडे कागदावर कुणी बंदी वाचलेली नाही, ती अंगवळणी पडून राहिली आहे. मिशनरी गेले, मिशनचे बंगले पडले, ही तेवढी टिकली.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एवढं पुस्तकात लिहिलेलं होतं, तर मग एवढी वर्षं तुम्ही पाळक लोक वाचत काय होता?" तिच्या मूळ प्रश्नाला मी एवढंच म्हटलं, की मृत्यू आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही असं बायबलमध्ये प्रेषित पौल लिहितो आणि त्यात अमुक तऱ्हेचा मृत्यू सोडून असं तो म्हणत नाही. त्यापलीकडचं मला माहीत नाही. ती म्हणाली, "बरं." मग चहा ठेवला.

त्यानंतर अशी पहिली मयत माझ्याच मंडळीत झाली. कॉलेजातली मुलगी. मी कमिटीला सांगितलं, देह देवळात येईल, गीतं होतील, कबर घरच्यांच्या शेजारी असेल. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, तरुण पोरांमध्ये चुकीचा संदेश जाईल." मी त्यांना उडवून लावलं नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. अशा मरणाचं कौतुक झालं, की कुठेतरी कोपऱ्यात बसलेल्या दुसऱ्या खचलेल्या मुलाला ती वाट वाटू शकते. म्हणून आम्ही बसून ठरवलं, की काय बोलायचं नाही. ती कशी गेली याचं वर्णन नाही. 'सुटली बिचारी' नाही. चिठ्ठीत काय होतं याची चर्चा नाही. दोष कुणाच्या माथी नाही. सांगायचं ते एवढं, ती आजारी होती, तो आजार आपल्याला दिसला नाही, आज इथे कुणाला तसंच वाटत असेल तर त्यानं उपासना संपल्यावर घरी जायच्या आधी आमच्यापैकी कुणाला तरी गाठावं. फिलिप्पैच्या बंदिशाळेचा अधिकारी तलवार उपसून स्वतःला मारायला निघतो तेव्हा पौल अंधारातून ओरडतो, स्वतःला इजा करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. मी त्यावर उपदेश केला. छोटा केला. कोण कोण इथेच आहे, त्यांची नावं मात्र मोठ्यानं वाचली आणि त्यांना उभं राहायला सांगितलं, म्हणजे तोंडं दिसतात.

उपासनेनंतर दोन तरुण आणि एक आजोबा थांबले. आजोबांचं मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

त्यातूनच मंडळीत एक गट तयार झाला. बायका-पुरुष दोन्ही, त्यात एक निवृत्त नर्स आणि एक एसटीचा कंडक्टर. कंडक्टर सगळ्यात चांगला निघाला, त्याला अनोळखी माणसाशेजारी उभं राहायची सवय आहे. काम काय करायचं, तर अशा घरी महिन्यानंतर जायचं. पहिले दहा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, खरा उजाड महिना पुढे सुरू होतो. गेल्यावर बायबल पिशवीतच ठेवायचं, त्यांनी मागितलं तर काढायचं. आणि कागदपत्रं बघायची. हे पाळकाचं काम नाही असं काही जण म्हणतात. मी म्हणतो, आहे. पंचनाम्याची, शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत मिळाली का? मृत्यूचा दाखला काढला का? आयुर्विम्याची पॉलिसी होती का? कितीतरी घरं लाजेपोटी क्लेम करतच नाहीत. 'अशा मरणाला पैसे मिळत नसतात' अशी समजूत. प्रत्यक्षात साधारणपणे पॉलिसी घेतल्यापासून पहिले 12 महिने उलटून गेले असतील तर रक्कम मिळते. एका विधवेची दोन मुलं त्या पैशांवर शिकली.

पोलिसांची भीतीही बरीच असते, विशेषतः वाचलेल्या माणसाच्या घरी. पूर्वी जीव देण्याचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली गुन्हा होता, त्यामुळे लोक दवाखान्यात न्यायलाही कचरायचे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं, की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरावं आणि त्याच्यावर खटला भरू नये. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं कलमच राहिलेलं नाही. हे मी व्यासपीठावरून सांगतो, जाहीर सूचनांच्या वेळी, सहभोजनाच्या आणि वर्गणीच्या सूचनांच्या मध्ये. देवळाच्या फळ्यावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लिहिलेला आहे, 14416, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. सुरुवातीला कुणीतरी तो पुसायचं. आता ऑइल पेंटनं लिहून घेतलाय.

माझ्या भावाबद्दल मी व्यासपीठावरून क्वचित बोलतो. दुःखाचं भांडवल करणारे पाळक मी पाहिले आहेत. दर उपदेशात तीच जखम, दर वेळी तोच हुंदका आणि मंडळी हळूहळू पाळकालाच सांभाळायला लागते. माझं सगळ्यांना माहीत आहे, तेवढं पुरेसं आहे. ज्याला बोलायला त्याचा आधार लागतो तो तो आधार धरून बोलतो.

पाळकांचं काय, हा भाग मात्र अजून अर्धवट आहे. आमच्या महिन्याच्या बैठकीत बदल्या आणि पगार यांवर कितीही वेळ बोलणं चालतं. मी बिशपसाहेबांकडून त्यातला शेवटचा एक तास मागून घेतला. त्यात कुणीतरी एकानं आपलं व्हर्बेटिम वाचायचं, पेशंटचं किंवा घरभेटीचं, नाव-गाव गाळून. ज्येष्ठांपैकी एक जण पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे कॅथलिकांचं कन्फेशन इथे कशाला?" आणि निघून गेले. पुढच्या वेळी आले, बसले, काही बोलले नाहीत. नंतर कधीतरी एक वही घेऊन आले. काय वाचलं ते इथे सांगायचं नाही, तोही नियमच आहे. काही जण अजून चहा झाला की कटतात. समास मात्र सगळ्यांचा कोराच येतो आधी.

शिबिराच्या त्या दिवशी एका तरुण पाळकानं हात वर केला. विशीतलाच असेल, लग्न नुकतंच झालेलं. म्हणाला, "सर, माझ्या आयुष्यात असं काही मोठं दुःख झालेलंच नाही. आई-वडील आहेत, सगळं बरं आहे. मग मी चांगला पाळक होऊ शकत नाही का?" बाकीचे हसले. मला त्याचा प्रश्न त्या दिवशीचा सगळ्यात सरळ वाटला. मी त्याला आमच्या बांधाशेजारच्या माळकऱ्याचं सांगितलं. त्याच्याही घरात तेव्हा सगळं बरंच होतं.

गेल्या महिन्यात त्याच पोराचा रात्री फोन आला. पुण्यात नव्या मंडळीवर आहे. तसलं झालं होतं आणि तो जिन्यात उभा राहून बोलत होता. "सर, आत जातोय. काय बोलू?"

मी म्हटलं, "आधी चपला काढ. मग बघ, जनावरांना वैरण कुणी टाकली का."

"जनावरं कुठली सर, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे."

"मग पोरं जेवली का ते विचार. आणि सकाळचं दूध कोण आणणार ते ठरवून ये."

"आणि प्रार्थना?"

"ते म्हणतील तेव्हा कर," मी म्हटलं. "पोहोचलास की मला फोन करू नकोस. उद्या कर, आणि रात्री वही काढून लिही. समासासकट."